डावा कान आणि ‘उलटा पाना’

मी सोलापुरात लोकांचे कान तपासते. डॉक्टर नव्हे, तपासणीवाली. आवाज आत जाणार नाही अशा एका खोलीत माणसाला बसवायचं, काचेच्या अलीकडून त्याच्या कानात बारीक सूर सोडायचे आणि कुठला ऐकू आला, कुठला नाही, याच्या खुणा कागदावर मांडायच्या, हे माझं वीस वर्षांचं काम. घरी आले की मात्र मी गॅरेज रॉक ऐकते. ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांना एवढंच सांगते की दोन-चार जण, एक गिटार, एक ड्रम, गाडी ठेवायची खोली किंवा एखादं गोदाम आणि एका दमात वाजवून टाकलेलं गाणं. झालेली चूक कुणी पुसत नाही. माझ्या आवडीच्या एका परदेशी गाण्यात सुरुवातीलाच ड्रमवाल्याच्या हातून काठी निसटते आणि फरशीवर पडते. त्यांनी तो आवाज तसाच ठेवलाय. दुसरं एक गाणं डोंगराळ मुलखातल्या एका मुलीने गच्चीवर म्हटलंय, त्यात शेजारच्या कुकरची शिट्टी नेमकी कडव्याच्या मध्ये होते. ती शिट्टी नसती तर ते गाणं मला एवढं आवडलं नसतं. दिवसभर मी माणसांच्या ऐकण्यातले दोष मोजत असते, म्हणून की काय, दोष न लपवणारी गाणी ऐकली की मला मोकळं वाटतं.

माझं सगळ्यात आवडतं गाणं मात्र दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर अचानक सापडलं. ‘दार ढकल’ असं त्याचं नाव. बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या एका ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये दोघांनी ते वाजवलंय. गिटार आणि गळा शैलाचा, ड्रम बसवराजचा. दोघांच्या बँडचं नाव ‘उलटा पाना’. अर्धं गाणं मराठीत, अर्धं कानडीत. ‘दार उघडं हाय, नुसतं ढकल’ ही ओळ ती चार वेळा म्हणते आणि चौथ्या वेळी तिचा आवाज फाटतो. मी तिला निरोप पाठवला होता, तिनं उत्तर दिलं, मग अधूनमधून बोलणं होत राहिलं. डिसेंबरात तिचा निरोप आला की कलबुर्गीत एका सभागृहात पाच बँडचा कार्यक्रम आहे, आम्हाला पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलंय, शनिवारी संध्याकाळी, तुम्ही याच. मी रजा टाकली.

शुक्रवार, हुलसूर

सोलापूरहून बसवकल्याण फार लांब नाही, पण मी तिकडे कधी उतरले नव्हते. बसवकल्याणच्या स्टँडवर शैला स्कूटी घेऊन उभी होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, काटकुळी, शाळेत गणित शिकवणारी. तिनं मला एकदम ‘अक्का’ म्हटलं आणि बॅग पायाशी ठेवून घेतली. हुलसूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काढणीला आलेली तूर होती, मध्येच एखादा लाल मुरमाचा पट्टा आणि परत काळी जमीन. मागे बसून मी तिला दोन-तीनदा काही विचारलं, तिनं उत्तर दिलं नाही. वाऱ्यामुळे असेल असं मला वाटलं.

शेडमध्ये तुरीच्या हंगामामुळे मळणीयंत्रांची गर्दी होती. बसवराज चाळिशीचा, हात कोपरापर्यंत काळे. लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवत वाजवत तो ड्रमवर आला होता आणि त्याचा ड्रमसेटही तसाच एकेक भाग करून जमवलेला होता. घरी तो कानडी बोलतो, गिऱ्हाइकाशी दख्खनी उर्दू, शैलाशी मराठी. शैला त्याला अण्णा म्हणते. त्यानं मला खुर्ची पुसून दिली आणि चहा मागवला. सोलापुरात आम्ही पाहुण्याला आधी पाणी देतो, इथे आधी चहा आला, पाणी मागून. दहा वर्षं वाजवतोय, पण लोक पैसे देऊन ऐकायला बसलेत असं कधी झालं नाही, असं त्यानं मला तीनदा सांगितलं. शनिवारसाठी त्यानं नवा शर्ट शिवला होता. तो खिळ्याला टांगलेला होता, कुणी हात लावू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत.

चहा पिताना शैलानं मला माझी आवडती गाणी ऐकवायला सांगितलं. मी तिला काठी पडणारं गाणं लावून दिलं आणि इअरफोन पुढे केले. एक तिला, एक मला. मी डाव्या कानाचा दिला होता. तिनं तो घेतला आणि उजव्या कानात घातला.

ही इतकी छोटी गोष्ट, पण माझ्या कामात अशाच गोष्टी बघायची सवय लागते. मी तिच्याकडे नीट बघायला लागले. बसवराज डावीकडून बोलला की ती मान पूर्ण वळवत होती. तालमीला उभी राहिली तेव्हा गाण्याच्या व्हिडिओत असते त्याच्या उलट्या बाजूला उभी राहिली. ‘दार ढकल’ सुरू करताना बसवराजनं काठ्यांवर चार मोजले आणि ती अर्धा ठेका उशिरा आली. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. तो हसून म्हणाला की मॅडम बसल्यात म्हणून घाबरायली. मी हसले नाही. माझ्या आवडीचं गाणं चार हातांवर वाजत होतं आणि त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

बसवराज एका यंत्राचा पट्टा बघायला बाहेर गेला तेव्हा मी तिला कानाबद्दल विचारलं.  तिनं सांगितलं की सोमवारी सकाळी उठली तेव्हापासून डावा कान दडे बसल्यागत झालाय. पहिल्या दिवशी थोडं गरगरलंही होतं. आत रातकिडा ओरडतो तसा आवाज येतो. मेडिकलवाल्यानं थेंब दिलेत, आईनं तेल कोमट करून घातलं.

“सर्दी हाय हो अक्का,” ती म्हणाली. “उतरली की मोकळा व्हईल.”

सर्दीनं किंवा मळानं कान बंद झाला असेल तर घाई नसते. पण आतली नसच एकाएकी गेली असेल तर पहिले काही दिवसच हाताशी असतात. हे दोन प्रकार ओळखायला यंत्र असलं तर बरंच, पण एक साधी युक्तीही आहे. मी तिला म्हटलं, चांगल्या कानात बोट घाल आणि गुणगुण. आवाज कुठं मोठा येतो? तिनं केलं. बोट घातलेल्या कानात, ती म्हणाली. तसाच तो यायला पाहिजे. बंद झालेल्या कानात आपलाच आवाज घुमतो.

“आता बोट काढ. आणि तशीच गुणगुण.”

डाव्या कानात नुसता दडा बसला असता तर आवाज डावीकडे घुमला असता, नस गेली असेल तर उजवीकडे. तिनं डोळे मिटले. ‘दार ढकल’चाच सूर धरला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, डावीकडे म्हण.

“उजवीकडं,” ती म्हणाली. “समदा उजवीकडंच.”

शुक्रवार संध्याकाळ, मंठाळ

तिचं घर मंठाळला.  घर दोन खोल्यांचं, गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार. तिची आई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस. तिनं ज्वारीच्या कडक भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. आमच्याकडे शेंगाचटणी कोरडी असते. ही तेलात चांगली कालवलेली होती. मी चव घेत होते असं म्हणवत नाही. कान सर्दीनं बंद आहे एवढंच आईला माहीत होतं आणि शैलानं मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं.

जेवणाआधी मी अंगणातून सोलापूरच्या ओळखीच्या कानाच्या सर्जनना फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, उद्याच्या उद्या कुणालातरी दाखव, सोमवारची वाट बघू नको. कलबुर्गीतल्या एका डॉक्टरांचं नाव त्यांनी दिलं. शनिवारी दुपारी दीडपर्यंतच ते बसतात.

मी शैलाला हे सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली होती, उजवा कान माझ्याकडे करून.

ती म्हणाली की कार्यक्रम झाला की रविवारी जाते. मी म्हटलं रविवारी दवाखाना बंद. मग सोमवारी, ती म्हणाली. मी म्हटलं, सोमवारी आठवा दिवस. तिनं विचारलं की लगेच गेलं तर कान नक्की येतो का. इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण वीस वर्षांत मी कुणाला कानाबद्दल खोटं सांगितलेलं नाही.

“नक्की नाही,” मी म्हटलं. “काहींचा औषधाशिवायही येतो. काहींचा औषध घेऊनही येत नाही. पण उशीर केला तर आशा कमी होते, हे नक्की.”

“आन दवाखान्यात गेल्यावर वाजवू देतील?”

“ड्रमच्या शेजारी उभं राहू देणार नाहीत.”

 ती म्हणाली की अण्णाला काय सांगू. दहा वर्षं थांबलाय तो. त्याच्या शेडमध्ये येऊन मी गिटार शिकले, गावात लोक काय काय बोलले, त्यानं एकदाही दार लावलं न्हाई.

तिनं दवाखान्यात यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. डॉक्टरांकडे जायचं, गोळ्या घ्यायच्या आणि संध्याकाळी वाजवायचंच. अण्णाला मळ काढायला चाललोय एवढंच सांगायचं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

शनिवार, कलबुर्गीचा रस्ता

बसवराज नऊला बसवकल्याणच्या चौकात पिकअप घेऊन आला. मागे ड्रम, गिटारचा अँप्लिफायर, ताडपत्री. पुढे आम्ही तिघं. शैला खिडकीशी बसली, म्हणजे तिचा चांगला कान आमच्याकडे यावा. ते माझ्या लक्षात आलं, बसवराजच्या नाही. आधी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय हे ऐकून तो म्हणाला की मळ तर आमच्या हुलसूरलाही काढतात, पण वाद घातला नाही. कमलापूरची लाल केळी खायला घालतो म्हणाला. सोलापूरच्या माणसानं ती खाल्ली नसतील तर जन्म वाया.

हुमनाबाद सोडून थोडं पुढे गेलो आणि मागचं चाक पंक्चर झालं.

ट्रॅक्टर खोलणाऱ्या माणसाला चाक बदलणं म्हणजे काहीच नाही. तो शीळ घालत खाली उतरला. पण एक नट गंजून धरला होता, आणि जादा चाकातही हवा कमी होती. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून घड्याळ बघत होते. सव्वाअकरा. साडेअकरा. मी चौथ्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा त्यानं मान वर केली.

“मॅडम, कार्यक्रम सहाला हाय. एवढी घाई कामून करायलाव?”

मी शैलाकडे बघितलं. ती तूर भरलेल्या एका ट्रॉलीकडे बघत होती. ट्रॉली जाईपर्यंत ती थांबली. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. सोमवारची सकाळ, रातकिडा, गुणगुण उजवीकडे गेलेली, दीड वाजता दवाखाना बंद, आणि डॉक्टर बहुतेक वाजवायला नको म्हणणार. शेवटी म्हणाली की मी वाजवणार हाय, अण्णा, तू काळजी करू नको.

बसवराज चाकाशी बसलेला होता. हातात पाना. त्यानं तो खाली ठेवला नाही आणि चालवलाही नाही. एक ट्रक गेला, एक बस गेली. मला ओरडावंसं वाटत होतं की नट काढा, मिनिटं चाललीत. पण त्याचं काय मोडत होतं ते मला दिसत होतं, आणि मोडणारी मी होते. तो माझ्याकडे न बघता बोलला.

“तुम्ही गाणं ऐकायला आलाव, का बंद करायला?”

 मी म्हटलं, मला माहीत असून मी गप्प बसले असते तर पुन्हा तुमचं गाणं मला ऐकता आलं नसतं. हे त्याला पटलं की नाही कळलं नाही. तो उठला, मागून लोखंडी नळी काढली, पान्याच्या दांड्याला लावली आणि सगळं वजन टाकून तिच्यावर उभा राहिला. नट किंचाळत सुटला. पुढच्या दहा मिनिटांत चाक बसलं. जवळच्या पंपावर हवा भरली आणि तिथून तो अशी गाडी हाकत आला की मागे ड्रमच्या थाळ्या खडखडत होत्या. कमलापूरला रस्त्याच्या कडेला लाल केळ्यांचे घड टांगलेले दिसले. आम्ही थांबलो नाही. 

कलबुर्गी

दवाखान्यात पोचलो तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. दारातल्या माणसानं यादी संपली म्हणून हात हलवला. मी कानडीत दोनच वाक्यं बोलू शकते, तीही चुकीची. शैला मागे उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला चक्क सुटका दिसली. उशीर झाला, आता कुणाचाच इलाज नाही, संध्याकाळी वाजवायला मोकळी.

बसवराज पुढे झाला. ग्रीसचे हात मागे बांधून, खाली मान घालून तो त्या माणसाशी कानडीत हळूहळू बोलत राहिला. मला सगळं कळलं नाही. ‘तंगी’ हा शब्द मात्र कळला, धाकटी बहीण. दोनदा म्हणाला. दारातला माणूस आत गेला आणि परत येऊन त्यानं पडदा बाजूला केला.

तपासणीच्या खोलीत मला उभं राहू दिलं. काचेपलीकडे शैला, हातात बटण. अलीकडे दुसरीच मुलगी सूर सोडत होती आणि मी नुसती बघणारी. उजव्या कानाला शैलाचं बोट भराभर हलत होतं. डाव्याला सूर गेला, बोट हललं नाही. मोठा केला, हललं नाही. आणखी मोठा केला. मला माहीत होतं तो किती मोठा आहे. शैला काचेतून माझ्याकडे बघून हसली, कारण तिला वाटलं डाव्याचं अजून सुरूच झालं नाही.

डॉक्टर सावकाश बोलणारे होते. नसच आहे, म्हणाले. सहाव्या दिवशी आलात ते चांगलं केलंत. साखर, रक्तदाब विचारून घेतला, गोळ्या लिहून दिल्या, मंगळवारी परत बोलावलं. येईलच असं मी सांगत नाही, म्हणाले, पण प्रयत्न करू. महिनाभर मोठा आवाज नको. शैलानं संध्याकाळचं विचारलं तेव्हा त्यांनी कागदावरून मान वर केली आणि फक्त नाही म्हणाले.

बाहेर आल्यावर शैला पुन्हा तेच म्हणाली. एकच गाणं. कापूस घालून. पाच मिनिटं. बसवराजनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पहिली गोळी फोडून तिच्या तळहातावर ठेवली.

“तू आज आत यायची न्हाई,” तो म्हणाला. “आलीस तर मी काठ्या मोडून टाकतो.”

आम्ही एका खानावळीत बसलो. चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीची भजी आली. आमच्याकडे त्याला सुशीला म्हणतात, आणि तिखट निम्मं असतं. शैला पानावर बसून रडली आणि रडत रडत खाल्लंही, गोळीनंतर उपाशी राहून चालत नाही म्हणून.

संध्याकाळी बसवराज नवा शर्ट घालून एकटाच सभागृहात गेला. त्यानं कार्यक्रमवाल्यांना काय सांगितलं ते नंतर कळलं: गाणारी आजारी आहे, तरी मी माझ्या वाट्याचं वाजवणार, नुसतं ड्रम. मी आणि शैला रस्ता ओलांडून समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. तिथे आवाज मंद येत होता, तिच्या चांगल्या कानालाही त्रास होणार नाही इतका. मी तरी तिच्या दोन्ही कानांत कापूस घातला.

तिसरा बँड संपला आणि काठ्यांवरचे चार ठोके आले. ‘दार ढकल’ मी शेकडो वेळा ऐकलंय, पण असं नाही. तो तिच्या ओळींच्या जागा तशाच रिकाम्या सोडत होता. जिथे ती श्वास घेते तिथे थांबत होता. आत लोकांना काय वाटत असेल कुणास ठाऊक. सुरुवातीला कुणीतरी हसलंही, ते बाहेर ऐकू आलं. मग हसणं थांबलं. शैला गुडघ्यांवर हात घट्ट धरून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. चौथ्या ‘ढकल’ला आत काही नव्हतं, फक्त एक लांब मोकळी जागा. मग थाळी वाजली. टाळ्या पडल्या, आधी थोड्या, मग बऱ्याच.

पुढचं इथेच सांगून टाकते. मंगळवारी काही फरक नव्हता. दुसऱ्या आठवड्यात जाड आवाज परत यायला लागले. महिन्यानं ती सोलापूरला माझ्याकडे आली तेव्हा डाव्या कानाचं निम्म्याहून थोडं जास्त ऐकणं परत आलं होतं. वरचे बारीक सूर आले नाहीत आणि ते येतील असं आता मला वाटत नाही. पक्षी आणि मोबाइलची घंटी तिला उजवीकडूनच ऐकावी लागते. ती पुन्हा वाजवते, हळू, कानात बोळे घालून. कलबुर्गीवाल्यांनी पुन्हा बोलावलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. बसवराज रस्ता ओलांडून आला. नवा शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल. तो येऊन शैलाच्या डाव्या बाजूला पायरीवर बसला आणि काहीतरी म्हणाला. ती समोर बघत राहिली.  मग तो उठला, तिच्या पुढून वळसा घालून उजव्या बाजूला आला, तिच्या कानातला कापूस स्वतःच्या काळ्या बोटांनी हळूच काढला आणि परत विचारलं,

“दुसऱ्या कडव्याला मी घाई केलो का?”

शैलानं जरा विचार केला.

“केलास,” ती म्हणाली. “थोडी.”